खुनी कोण, ते फोनवर सांगितलं जाईल

आधीच सांगून टाकते, श्रीखंडात काहीही नव्हतं. विष होतं मठ्ठ्यात. एवढं फुकट सांगितलं, आता पुढचं विचारू नका. मठ्ठ्यात विष कुणी कालवलं, ते हवं असेल तर फोन करावा लागतो, आणि तो फोन माझ्या घरी लागत नाही. तो कुठे लागतो आणि का, तेच सांगायला बसले आहे.

मी सुलभा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून खून करायला लागले. कागदावर, अर्थात. आवडाबाई नावाची एक आचारीण आहे, ग्वाल्हेरच्या मराठी घरांतली लग्नं-मुंजी गाजवते आणि जिथे स्वयंपाकाला जाते तिथे एक मुडदा पडतो. ती डावाने भाताची चव घेता घेता खुनी हुडकते. पहिली कादंबरी पूर्ण झाली, नाव ठेवलं 'श्रीखंडात काय होतं?' आणि पुण्याच्या एका प्रकाशकांकडे पाठवली.

प्रकाशकांचा फोन आला. आवाज अगदी गोड. म्हणाले, "कथानक झकास आहे. फक्त ग्वाल्हेरच्या जागी पुणे करू या आणि भाषा जरा शुद्ध करून घेऊ. तुमची आवडाबाई 'मी आली, मी गेली' म्हणते. शिवाय 'फटाफट पुऱ्या लाटा' म्हणते."

मी म्हटलं, "अहो, फटाफट नाही लाटल्या तर पंगत उठून जाईल."

ते हसले, पण मागे हटेनात. मीही हटले नाही. हे ज्या अंकासाठी लिहितेय त्याच्या संपादकांनी माझं 'आली-गेली' खुशाल 'आले-गेले' करून घ्यावं, त्यांच्या अंगणात त्यांचे नियम. पण आवडाबाईच्या तोंडाला हात लावायचा नाही. पिढ्यान् पिढ्या आम्ही इथे आहोत, शेजारी हिंदी, बाजारात हिंदी, नातवंडं भांडतात हिंदीत, तरी घरात मराठी टिकवली. ती कुणी इस्त्री करून परत पाठवलेली मला नको.

इंदूरला सॉफ्टवेअरमध्ये असलेली माझी भाची केतकी म्हणाली, "मावशी, प्रकाशक कशाला हवा? आपणच छापू, आपली वेबसाइट बनवू, सीधा वाचकाला विकू." तिने बसल्या बैठकीला वेबसाइट केली सुद्धा. मुखपृष्ठावर श्रीखंडाची वाटी, त्यात चमच्याऐवजी कवटी.

हा धंदा बाहेरच्यांना वाटतो तितका अवघड नाही आणि सोपा तर मुळीच नाही. वाचक वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन लिहितो, पैसे भरतो, आणि माझा मोबाइल 'टिंग' करतो. मग पुस्तक आधी प्लास्टिकमध्ये, मग पुठ्ठ्यात, मग खाकी कागदात गुंडाळायचं, कोपरे चिकटपट्टीने शिवून टाकायचे, कारण पार्सल नेहमी कोपऱ्यावर पडतं. पत्ता लिहिताना पिनकोडवर नजर ठेवायची. शेवटी पोस्टात जाऊन रांगेत उभं राहायचं. पहिलं टिंग झालं तेव्हा मी कुकर लावत होते. आमच्या ह्यांना मिठी मारली, हातातल्या डाळीसकट. हे म्हणाले, "कोण गेलं?"

बाहेरगावचे गिऱ्हाईक सरळ असतात. त्रास गावातल्यांचा. थाटीपुरातून ऑर्डर यायची आणि पाठोपाठ फोन, "सुलभाताई, पार्सल नका करू, मी येतोच ना घ्यायला." घ्यायला येणारा माणूस काही दारातून जात नाही. चाय होते, चिवडा होतो, कुणाच्या मुलीचं कुठे जमलं ते होतं, आणि उठताना पुस्तक टेबलावर राहतं. मग ते न्यायला पुन्हा येतो. किला गेटलाच आमच्या मागच्या गल्लीत शालिनीवहिनी आहेत. त्यांनी आमच्या झोपाळ्यावर बसून अख्खी कादंबरी वाचली. मी प्रत बांधून दिली तर म्हणाल्या, "आता घेऊन काय करू गं? वाचून झाली ना!" वर जाताना सांगून गेल्या की चिवड्यात मीठ कमी होतं.

हळूहळू बडोदा, देवास, इंदूर, झाशी, जिथे जिथे आमच्यासारखी मराठी मंडळी आहेत तिथल्या मोबाइलच्या ग्रुपांवर आवडाबाई पसरली. लोक लिहायचे, "अरे, ही तर आपल्यासारखी बोलते!" पहिली आवृत्ती संपली. दुसरी टाकायची ठरली, आणि तिथे गुप्ताजी या कथेत शिरले.

गुप्ताजींचा प्रेस दाल बाजारात. लग्नपत्रिका, कॅलेंडरं, मिठाईचे खोके हा त्यांचा मुख्य धंदा. माणूस लाखात एक, पण मराठी त्यांना येत नाही. 'लिपी तो वही है मैडमजी, बाकी भगवान मालिक' असं त्यांचं म्हणणं. आता पुस्तक कसं बनतं ते दोन ओळींत सांगते, कारण सगळा घोटाळा त्यातच आहे. छापताना एका मोठ्या कागदावर सोळा पानं येतात. कागदाची घडी घातली की सोळा पानांची एक पुडी होते, तिला फर्मा म्हणतात. फर्मे ओळीने एकावर एक ठेवायचे, शिवायचे, कव्हर चिकटवायचं, झालं पुस्तक. माझ्या शेवटच्या फर्म्यात खुनी पकडला जातो.

त्याच आठवड्यात गुप्ताजींकडे आणखी एक मराठी काम होतं. थाटीपुरातल्या इंदूकाकूंच्या नातीचं, रेवाचं, लग्न होतं. आमच्याकडे लग्नात मंगलाष्टकं घरच्यांनी रचायची रीत आहे. त्यांची छोटी पुस्तिका छापतात, पाहुण्यांना अक्षतांबरोबर वाटतात, आणि ज्याला सूर असेल नसेल तो माइक धरतो. रेवाची मंगलाष्टकं इंदूकाकूंनी रचली होती.

काकू वयाने ऐंशीच्या पलीकडे. जन्मभर कविता करत आल्या, आणि जन्मभर कुणी ऐकल्या नाहीत. नवरा म्हणायचा, आधी भाजी टाक. मुलगा म्हणायचा, संडेला ऐकू. रेवा तेवढी मांडीवर डोकं ठेवून ऐकायची, आणि तीच आता लग्न करून बंगळूरला निघाली होती. लग्नाच्या आधी काकू मला म्हणाल्या होत्या, "सुलभा, एकदा माझं लिहिलेलं भरल्या मांडवात मोठ्याने म्हटलं गेलं ना, की झालं. मग मी गप्प बसेन, कायमची." हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं.

त्यांचीही पुस्तिका सोळा पानांची. म्हणजे एक फर्मा. तोच आकार, तोच कागद, तेवढ्याच प्रती, तीच मराठी. माझ्याही शेवटच्या फर्म्यात मांडव, वधू, पंगत, अक्षता, सगळं तेच. आता लागली ना चाहूल?

लग्नाच्या दिवशी सकाळी मी जरीची साडी नेसत होते आणि फोन वाजला. इंदूरचे एक वाचक. नवी आवृत्ती आदल्या दिवशी त्यांच्या हातात पडली होती. म्हणाले, "मॅडम, शेवट जबरदस्त! खुनी कुणी एक नाहीच, हेच सांगायचंय ना तुम्हाला? आपण सगळेच गुन्हेगार आणि वर शुभमंगल सावधान! मी तर सुन्न झालो."

मी पण झाले. म्हटलं, "कसलं शुभमंगल?"

"अहो, आवडाबाई पंगतीकडे बोट दाखवून म्हणतात, विष कालवणाऱ्याचं नाव आहे... आणि पान उलटलं की मंगलाष्टकं. वा!"

निऱ्या हातातच राहिल्या. पुढच्या खोलीतलं खोकं फाडलं, एक प्रत उघडली. आवडाबाईंचं बोट पंगतीकडे, आणि पलटून बघते तर रेवाच्या जन्मापासूनचं कौतुक, तिचं बोबडं बोलणं, तिची सायकल, खाली दर कडव्याला 'कुर्यात् सदा मंगलम्'. दुसरी प्रत, तिसरी प्रत, सगळीकडे तेच. मी गुप्ताजींना फोन लावला.

"गुप्ताजी, मेरा आखिरी फर्मा कहाँ है?"

"किताब में है, मैडमजी।"

"किताब में शादी लगी हुई है!"

 पलीकडे ते बाइंडरवर ओरडलेले ऐकू आले आणि मग हळू आवाजात म्हणाले, "मैडमजी, लड़के ने मराठी-मराठी सब एक जगह रख दी थी।"

माझा खुनी मग कुठे होता? अहो, मांडवात! सोनेरी गणपती छापलेल्या कव्हरात, लाल नाड्याने बांधलेल्या गठ्ठ्यांत, इंदूकाकूंच्या देवघरातून निघून मॅरेज गार्डनला पोचलेला. काकूंनी पुस्तिका देवापुढे ठेवल्या होत्या, आणि देवापुढे ठेवलेलं मुहूर्ताआधी उघडायचं नाही, म्हणून एकाही माणसाने आत डोकावलं नव्हतं. रेवाला फोन केला, तो मेकअपवाल्या बाईने उचलला आणि "दुल्हन बिज़ी है" म्हणून ठेवला. काकूंचा फोन नुसता वाजत राहिला, त्या कानयंत्र काढून फोटोला बसलेल्या.

"अहो," मी ह्यांना हाक मारली, "खोकी उचला!"

"कुठली?"

"सगळी!"

ई-रिक्शा बोलावली. खोकी, त्यांच्यावर मी, माझ्यावर आहेराची पिशवी, मागे स्कूटरवर हे, अशी वरात किला गेटहून निघाली. थाटीपुराच्या अलीकडे रस्त्यात भंडारा लागलेला. पुरी-भाजीचा वास आला आणि आमच्या ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. "प्रसाद है अम्मा, मना थोड़े ही करते हैं।" मी जरीच्या साडीत, श्रीखंडाच्या कवट्यांवर बसून, त्याचं द्रोण पुसून खाणं बघत होते. शेवटी त्याने माझ्याही हातात एक पुरी ठेवली. खाल्ली. घाबरलेल्या माणसालाही भूक लागतेच की.

गार्डनच्या फाटकात पोचले तर माइकवरून रेवाच्या मावशीचा आवाज. ही मावशी गाते आधी, वाचते नंतर. अंतरपाट धरलेला, गुरुजी डोळे मिटून उभे, सगळ्यांच्या मुठीत अक्षता, आणि मावशी मंगलाष्टकाच्या भरदार चालीत, ताना घेत म्हणत होती:

"इन्स्पेऽऽक्टर, थांऽबवा ही पंगऽत, मठ्ठा कुणी पिऊ नकाऽऽ..."

आणि गुरुजी, सवयीने, डोळे मिटलेलेच, "सावधान!"

अर्ध्या मांडवाने अक्षता टाकल्या सुद्धा. मग मावशीला आपण काय म्हणतोय ते कळलं आणि ती थांबली. अंतरपाट हलायला लागला, कारण पलीकडे नवरा मुलगा हसून हसून वाकला होता. रेवा अलीकडून ओरडली, "यार, हे काय चाललंय? किसने लिखा है ये?" मुलाचे वडील पुस्तिका डोळ्यांजवळ नेऊन पुढचं पान वाचायला लागले होते आणि त्यांची बायको त्यांना कोपराने ढोसत होती.

काकू पुढच्या रांगेत खुर्चीवर होत्या. त्यांनी पुस्तिका उघडली होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. राग नाही, रडू नाही, काही नाही. पुस्तिका मिटून त्यांनी मांडीवर ठेवली, तिच्यावर हात ठेवला. इतकी वर्षं संडेची वाट बघितलेली बाई, तिला याचंही नवल वाटलं नसावं. तो हात बघून माझं काळीज तुटलं, खरं सांगते.

मग मी वर्गात ओरडायचे तशी ओरडले. "कुणी हलायचं नाही! मुहूर्त किती बाकी आहे?"

गुरुजींनी डोळे उघडले. "आहे थोडा."

"खोकी फोडा! एकेक घ्या आणि मागे द्या! शेवटची पानं उघडा! मुखपृष्ठाकडे बघू नका!"

शाळेत प्रश्नपत्रिका वाटायची सवय कामाला आली. बघता बघता अख्ख्या गार्डनच्या हातात 'श्रीखंडात काय होतं?' होतं. मावशीने नाक पुसलं, माइक धरला, या वेळी आधी वाचलं आणि मग गायला लागली. दुसऱ्या कडव्याला सगळा मांडव तिच्याबरोबर होता. नवऱ्याकडचे झाशीचे पाहुणे, कॉलेजातल्या हिंदी मैत्रिणी, ज्यांना चाल येत नव्हती ते नुसतं 'कुर्यात् सदा मंगलम्' जोरात म्हणत होते. रेवाच्या सायकलचं कडवं आलं तेव्हा रेवा अंतरपाटाआडून हुंदके देत होती आणि मेकअपवाली बाई तिच्यामागे रुमाल घेऊन धावत होती.

काकूंना पुस्तकाची गरजच नव्हती. त्यांचे ओठ हलत होते, प्रत्येक शब्दाच्या किंचित आधी. एकदा त्यांनी मान वळवून मागे बघितलं, सगळीकडे, खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेपर्यंत. सगळे त्यांचं लिहिलेलं म्हणत होते. मी रडले. हे म्हणतात की त्यांच्या डोळ्यात अक्षता गेली होती. जाऊ दे.

त्या लग्नाचे फोटो एकदा बघायला हवेत. समोर गोड जोडपं आणि पाठीमागे दीडएकशे कवट्या.

पंगतीत नवीनच पंचाईत झाली. पुस्तकाचं नाव वाचलेल्यांनी श्रीखंडाला हात लावला नाही आणि पुस्तिका वाचलेल्यांनी मठ्ठ्याला. आचारी हातात पातेलं घेऊन हवालदिल. शेवटी इंदूकाकूंनी श्रीखंडाची वाटी मागवली, वर मठ्ठ्याचा पेला मागवला आणि दोन्ही संपवून ओठ पुसत म्हणाल्या, "बढिया आहे. वाढा आता." तेव्हा कुठे पंगत जेवली.

आणि गंमत बघा, पाहुणे घरी गेले ते अगदी पूर्ण कादंबरी घेऊन, सुरुवात पुस्तकात आणि शेवट गणपतीच्या पुस्तिकेत. गडबड झाली ती बाहेरगावच्या वाचकांची. गुप्ताजी बिचारे बरोबर शेवटाची आवृत्ती स्वतःच्या खर्चाने काढून द्यायला तयार झाले, दिलीही. ती आजही आमच्या पलंगाखाली आहे. कारण लग्नाचा व्हिडिओ ग्रुपांवर फिरला आणि टिंग-टिंग-टिंग, जो तो लिहितो, 'मंगलाष्टकवालीच प्रत पाठवा'. मांडवातून परत आणलेली खोकी त्यातच संपत चालली. तो शेवट मी कित्येक महिने घासूनपुसून लिहिला होता. आवडाबाईंचं तसं भाषण मला पुन्हा जमणार नाही. पण ते कुणालाच नको आहे. याचं मला वाईट वाटतं, आणि ते मी लपवत नाही.

बरं, प्रत मंगलाष्टकवाली हवी, पण खुनीही कळायला हवा. म्हणून केतकीने वेबसाइटवर ठळक ओळ टाकली: 'खुनी कोण, ते फोनवर सांगितलं जाईल.' नंबर माझा. झालं! मी पोळ्या लाटतेय, फोन. अंघोळीला गेले, फोन. भुसावळहून एका बाईंनी तर डॉक्टरकडच्या बाकावरून फोन केला, "पटकन सांगा हो, माझा नंबर आलाय." हे चिडले. म्हणाले, "या घरात त्या खुन्याचं नाव पुन्हा ऐकू आलं तर दुसरा खून होईल."

रेवा बंगळूरला गेली होती. मुलगा-सून सकाळी कामावर जात. मी काकूंकडे गेले तर त्या फोटो बघत बसलेल्या. मी आपली त्यांना माझी रामकहाणी ऐकवली. त्या म्हणाल्या, "माझा नंबर टाक. मी तर रिकामीच असते. सांगेन ना मी."

तेव्हापासून फोन काकूंकडे जातात. मी सुटले. त्यांची मात्र दिवसाची सुरुवातच मला फोन करून होते, "टिंग झालं का गं?" झालं म्हटलं की खूश. चार दिवसांनी पार्सल पोचेल, पाचव्या दिवशी फोन येईल, असा त्यांचा हिशेब. फोन करणाऱ्याला आधी एक मंगलाष्टक ऐकावं लागतं, मग खुनी. तेवढी फी रास्तच आहे, मी काही बोलले नाही.

मग या गणपतीत काही वाचक आपसात भेटले आणि मला फोनावर फोन. बडोदेकर म्हणतात, खुनी नवऱ्याचा मामा. देवासकर म्हणतात, छे, मुलीची आत्या. झाशीच्या एका वकिलांनी मला ठणकावून सांगितलं की विष गुरुजींनी घातलं, त्यांना स्वतः काकूंनी सांगितलं आहे. मी चक्रावले. माझ्या पुस्तकात यातला एकही खुनी नाही!

तडक थाटीपूर गाठलं. काकू फोनवरच होत्या. मला हाताने बस म्हणाल्या आणि बोलत राहिल्या, "नाही पटत? का नाही पटत? मठ्ठ्याच्या पातेल्याजवळ कोण होतं, तुम्हीच सांगा बरं... अच्छा, अच्छा... आणि आपल्या घरी कोण कोण असतं?" गाल लाल झालेले, कानयंत्र नीट बसवलेलं. बराच वेळ चाललं. मग मंगलाष्टक झालं. पलीकडच्याने दुसरंही मागितलं असावं, कारण तेही झालं.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "काकू, अहो, हे काय? दर माणसाला वेगळा खुनी?"

"मग?"

"खरा खुनी का नाही सांगत तुम्ही?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. वर्गातल्या ढ मुलीकडे मी बघायचे, अगदी तसं.

"सुरुवातीला सांगायची गं," त्या म्हणाल्या. "पण खरा सांगितला की लोक थँक्यू म्हणून फोन ठेवून देतात."